घटस्फोट, मुलाचा ताबा आणि मधली सीमा: बेळगाव भागातल्या आईवडिलांसाठी

“बाई, शंभराच्या बाँडवर फारकत टाईप करून देता काय?”

महिन्यातून एकदा-दोनदा तरी कुणीतरी माझ्या टेबलासमोर येऊन हे विचारतं. दोन्हीकडचे चार-चार पंच असतात, एका बाजूला तोंड फिरवून नवरा उभा, दुसऱ्या बाजूला हातातली पिशवी गच्च धरून बायको, आणि कुणाच्या तरी कडेवर मूल. मजकूर वहीच्या पानावर लिहूनच आणलेला असतो: ‘आजपासून आमचा काही संबंध नाही. मूल आईकडं राहील. बाप हक्क सांगणार नाही, आई पोटगी मागणार नाही.’

मी तो कागद परत करते. पंच रागावतात, तरी परत करते. बाँडवर लिहून आणि नोटरीचा शिक्का मारून हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडत नाही. एखाद्या समाजात काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्यानं शाबीत करावी लागते. त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं आणि रूढी शाबीत झाली नाही, तर पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न म्हणून गुन्हा होतो. मुलाचं तर त्याहून सरळ आहे. मुलाची पोटगी आईनं सोडून देण्याची गोष्टच नाही, कारण ती आईची नसून मुलाची आहे. आणि ताबा कुणाकडं हे पंचांनी ठरवलं तरी उद्या कोर्ट ते नव्यानं बघू शकतं.

मी वकील नाही. बेळगावच्या कोर्टाजवळ चौदा-पंधरा वर्षं टायपिंग करते, इंग्लिश, कन्नड, मराठी तिन्ही. त्याआधी मी ह्याच कोर्टात पक्षकार होते. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर चंदगड तालुक्यातलं. म्हणजे माहेर कर्नाटकात आणि सासर महाराष्ट्रात. बाजाराला दोन्हीकडची माणसं बेळगावलाच येतात, आणि सोयरीक जुळवताना कुणी राज्य बघत नाही. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला आखलेली ती रेघ माझ्या संसारातून जाते, हे मला २०१० साली नोटीस हातात पडल्यावर कळलं. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता.

त्या काळात मला कुणीतरी मराठीत नीट सांगायला हवं होतं ते इथं लिहिते. शेवटी तुमच्या वकिलाचा सल्ला घ्यायचाच आहे, पण वकिलाकडं जाताना काय विचारायचं हे माहीत असलं की निम्मी भीती कमी होते.

मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर खालचं सगळं नंतर वाचा. आधी ११२ किंवा महिलांसाठी १८१ फिरवा. मुलाबद्दल असेल तर १०९८. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मॅजिस्ट्रेट कोर्टात अर्ज करता येतो, आणि माहेरी तात्पुरती आलेली बाईसुद्धा जिथं सध्या राहते तिथं तो करू शकते. त्याच अर्जात मुलाचा तात्पुरता ताबा, राहण्याची सोय आणि खर्च, तिन्ही मागता येतं. अर्ज भरायला तालुक्याच्या बालविकास खात्यातले अधिकारी, म्हणजे सीडीपीओ ऑफिस, मदत करतात.

कोर्ट कुठलं?

आमच्या भागात सगळ्यात जास्त घोळ इथं होतो.

घटस्फोटाचा अर्ज चार ठिकाणी चालू शकतो: लग्न जिथं लागलं तिथं, समोरचा माणूस राहतो तिथं, नवराबायको शेवटी एकत्र राहिले तिथं, आणि अर्ज बायकोचा असेल तर ती सध्या राहते तिथं. हा शेवटचा मुद्दा २००३ च्या दुरुस्तीनं आला आणि माहेरी परत आलेल्या बायकांसाठी तो फार मोलाचा आहे. नवरा चंदगडचा, कागलचा किंवा सावंतवाडीचा असला तरी खानापूरला माहेरी राहणारी बाई इकडं अर्ज करू शकते. बेळगावात फॅमिली कोर्ट आहे. ज्या तालुक्यांना ते लागू नाही तिथं सिनियर सिव्हिल जज्जांच्या कोर्टात अशा केसेस चालतात.

मुलाच्या ताब्याचा वेगळा अर्ज मात्र १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली होतो, आणि तिथं एकच कसोटी: मूल साधारणपणे राहतं कुठं? बाप कुठं राहतो, आई कुठली, लग्न कुठं झालं ह्याला तिथं महत्त्व नाही. मूल रोज कुठल्या शाळेत जातं, कुठल्या घरी झोपतं, आजारी पडलं तर कुठल्या डॉक्टरकडं नेतात, ह्यावरून ते ठरतं.

ही कसोटी ऐकली की काही जणांच्या डोक्यात लगेच येतं, मग मुलाला रातोरात आपल्याकडं आणू या. असं करू नका. मुलाला जत्रेला म्हणून नेलं आणि परत पाठवलंच नाही, एवढ्यानं त्याचं राहण्याचं ठिकाण बदललं असं कोर्ट मानत नाही. उलट तुमचं नाव पहिल्याच तारखेला खराब होतं. पोलीस स्टेशनला गेलात तर बहुतेक वेळा ‘हा घरगुती मामला, कोर्टात जावा’ असंच सांगतात, कारण आईनं किंवा बापानंच मूल नेलेलं असतं. मूल खरंच दडवून ठेवलं असेल, पत्ताच लागत नसेल, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ‘मुलाला कोर्टापुढं हजर करा’ असा अर्ज करता येतो. बेळगाव जिल्ह्यासाठी ते धारवाडच्या खंडपीठात, बंगळूरला जायची गरज नाही.

दोघांनी दोन राज्यांत केसेस घातल्या तर? माझ्याबाबतीत तेच झालं. मी घटस्फोटासाठी इकडं, त्यांनी ताब्यासाठी तिकडं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात केस बदलून घ्यायची तर अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात, दिल्लीला करावा लागतो. एकाच राज्यातल्या दोन कोर्टांत असेल तर तिथलं उच्च न्यायालय करतं. बायकोची आणि लहान मुलाची अडचण दिल्लीत बघितली जाते, पण वेळ आणि पैसा जातो. म्हणून आधी तिकडच्या कोर्टातच वकील देऊन ‘मूल इथं राहत नाही, ह्या कोर्टाला अधिकार नाही’ अशी हरकत लेखी घ्या. तिकडची तारीख दुसऱ्या राज्यातली आहे म्हणून सोडून देऊ नका. महाराष्ट्रात कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडं केस असेल तर एक नवी सोय लक्षात ठेवा: १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, त्यामुळं वरच्या कोर्टाच्या कामाला आता मुंबई गाठावी लागत नाही.

गोव्यात लग्न नोंदवलेलं असेल तर वाट वेगळी आहे. तिथं हिंदू विवाह कायदा चालत नाही, पोर्तुगीज काळापासूनचा सामायिक नागरी कायदा लागू होतो. खानापूरच्या कितीतरी मुली गोव्यात दिलेल्या आहेत, त्यांनी आधी गोव्यातला वकील गाठावा. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे घटस्फोटाचे कायदे वेगळे, पण मुलाच्या ताब्यासाठी १८९० चा कायदा सगळ्यांनाच आहे, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम ‘एकशे पंचवीस’ही. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाचा नंबर नव्या कायद्यात १४४ झाला. कोर्टात सगळे अजून ‘एकशे पंचवीस’च म्हणतात.

कन्नडमधला कागद आणि तुमची सही

कोर्टाची नोटीस कन्नडमध्ये किंवा इंग्लिशमध्ये येते. घरात कुणाला वाचता येत नाही, म्हणून ती देवाच्या फोटोमागं खोचून ठेवलेली मी कितीतरी घरांत बघितली आहे. दोन-चार तारखा तशाच जातात आणि निकाल एकतर्फी होतो. नोटीस आली त्याच दिवशी गावातल्या शाळेत शिकणाऱ्या एखाद्या पोराकडून वाचून घ्या, आमच्या पोरांना शाळेत कन्नड असतंच. तारीख आणि केस नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एकतर्फी निकाल झालाच असेल तरी तो रद्द करून मागता येतो, पण मुदत तीस दिवसांची असते, तेव्हा कळल्या क्षणी वकिलाकडं पळा. मोबाईलवर ‘ई-कोर्ट्स’चं ॲप घेतलंत तर सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख नंबर, टाकून पुढची तारीख घरबसल्या बघता येते. हा नंबर वकिलाकडून पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

आता सहीबद्दल. हे मी भोगलंय म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझं पहिलं प्रतिज्ञापत्र इंग्लिशमध्ये होतं. “इथं सही कर, इथं पण,” असं सांगितलं, मी केली. त्यात एक वाक्य होतं की वडील मुलाला भेटायला एकदाही आले नाहीत. खरं म्हणजे ते दोनदा आले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा मुलासाठी निळं दप्तर घेऊन आले होते, आणि ते दप्तर मुलगा रोज पाठीवर घेत होता. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, “ते दप्तर कुणी दिलं बाई?” मी म्हटलं, त्याच्या वडिलांनी. “म्हणजे ते आले होते?” होय. “मग हे प्रतिज्ञापत्र खोटं काय?” मी गप्प उभी राहिले. माझी बाकीची सगळी खरी वाक्यं त्या एका वाक्यानं हलकी झाली.

सही करायच्या आधी सगळा मजकूर मराठीत वाचून, समजावून मागा. प्रत्येक वाक्याला ‘हे असंच घडलं काय?’ असं स्वतःला विचारा. शेवटी ‘हा मजकूर मला मराठीत वाचून दाखवला आणि तो मला समजला’ अशी ओळ घालायला सांगा, आणि खरोखर वाचून दाखवल्यावरच सही करा. साक्ष मराठीत द्यायची असेल तर आधीच कोर्टाला तसं सांगा, दुभाष्याची सोय होते. मोडक्या कन्नडमध्ये किंवा इंग्लिशमध्ये साक्ष देण्याचा हट्ट धरू नका. आपल्या मुलाबद्दल बोलताना आपल्याच भाषेत बोलावं.

मराठी कागदांचं भाषांतर लागतं. लग्नपत्रिका, महाराष्ट्रातल्या शाळेचा दाखला, सातबारा हे इकडच्या जज्जसाहेबांना वाचता येईलच असं नाही. तसंच इकडचा जमिनीचा कन्नड पहाणी-उतारा तिकडच्या कोर्टात चालवायला मराठी किंवा इंग्लिश करावा लागतो. हे काम तारखेच्या आदल्या संध्याकाळी घेऊन येऊ नका. घाईत नावांची स्पेलिंग चुकतात, आणि जन्मदाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं, असं झालं की त्यावरच दोन तारखा जातात.

वकील परवडत नाही ही अडचण असू नये. १९८७ च्या कायद्यानं प्रत्येक स्त्रीला आणि प्रत्येक मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग पुरुषांनाही मिळतो, बाकीच्या पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. फोन नंबर १५१००. तिथं मराठी समजणारा वकील द्या म्हणून स्पष्ट मागा, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. आणि इकडच्या बायकांना शक्ती योजनेमुळं कर्नाटकातल्या साध्या बसला तिकीट नाही, तारखेला यायचं भाडं तरी वाचतं.

कोर्ट बघतं ते मुलाचा दिवस

१९५६ च्या हिंदू अल्पवयीन व पालकत्व कायद्यात लिहिलंय की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडं राहील. गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली हेच पुन्हा ठासून सांगितलं: इतकं लहान मूल आईपासून काढून घ्यायचं तर ते का, हे बापानं दाखवायचं. पण ‘साधारणपणे’ हा शब्द विसरू नका. आणि पाच वर्षं पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडं जातं, हा जो समज गावोगाव आहे, तोही चुकीचा. पाचनंतर एकच प्रश्न उरतो, मुलाचं भलं कशात आहे. पगार कुणाचा जास्त, शेती कुणाची किती, एवढ्यावर ते ठरत नाही. मुलं ही आईबापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत, हे सर्वोच्च न्यायालय १९७३ सालीच सांगून बसलंय.

माझ्या हाताखालून शेकडो अर्ज गेले. बायकोच्या अर्जात असतं, ‘समोरच्या व्यक्तीचं मुलाकडं लक्ष नाही.’ नवऱ्याच्या जबाबात तेच वाक्य उलट असतं. साहेब दोन्ही वाचतात. त्यातून त्यांना मुलाबद्दल काहीच कळत नाही.

म्हणून माझ्याकडं कुणी आईबाप आले की मी त्यांना दोनशे पानांची एक वही घ्यायला सांगते. नवराबायकोचं भांडण त्या वहीत लिहायचं नाही. मूल सकाळी किती वाजता उठतं, कुणाच्या हातनं जेवतं, शाळेत कोण सोडतं, गुरुजींना भेटायला कोण गेलं, ताप आला तेव्हा रात्री कोण जागलं, कुठलं औषध चालत नाही, कुठल्या मित्राकडं खेळायला जातं, एवढंच लिहायचं. लसीकरणाचं कार्ड, प्रगतिपुस्तक, फीच्या पावत्या, डॉक्टरची चिठ्ठी त्याच वहीत ठेवायची. बाप असाल तरी हेच करा. कितीतरी बाप मुलाला रोज सायकलवरून शाळेत सोडतात आणि कोर्टात मात्र पोटगीचाच वाद घालत बसतात. ‘मी रोज सोडत होतो’ हे सांगायला विसरतात.

वही लिहिताना एक गोष्ट बहुतेकांना जाणवते. काही प्रश्नांची उत्तरं आपल्याला माहीतच नसतात. ती शोधायला लागा, त्यातूनच केस तयार होते.

मुलाची शाळा शक्य तोवर मोडू नका. महाराष्ट्रातल्या मराठी शाळेतलं पोर इकडं आणलं की त्याला कन्नड विषय सक्तीचा, आणि तिसरी-चौथीतल्या पोराला ती अक्षरं पहिल्यापासून गिरवावी लागतात. मधल्या वर्षात दाखला काढताना दोन राज्यांच्या नोंदी जुळवताना हैराण व्हायला होतं ते वेगळंच. शाळा बदलायचीच असेल तर वर्ष संपल्यावर, आणि केस चालू असेल तर कोर्टाला सांगून.

मूल समजत्या वयाचं असेल तर साहेब त्याला चेंबरमध्ये बोलावून विचारतात. ‘असं सांग, तसं सांग’ म्हणून पढवू नका, पढवलेलं पोर लगेच ओळखू येतं. आणि ज्या आईनं किंवा बापानं पढवलं, त्याच्याबद्दल कोर्टाचं मत वाईट होतं.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना आत गेला. साहेब दक्षिणेकडचे, मराठी जेमतेम. समुपदेशक बाई मधे बसल्या होत्या. मी बाहेर बाकावर, आणि पलीकडच्या बाकावर त्याचे वडील. दहा मिनिटांनी तो बाहेर आला आणि मधे उभा राहून एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिला. मग कुणाकडंच न जाता पाण्याच्या नळाकडं गेला. तो काय बोलला हे मला आदेशाची प्रत मिळाल्यावर कळलं. ‘मला आईजवळ राहायचंय, पण आज्जीकडं रेडकू आहे, त्याला बघायला जायचंय.’ चंदगडच्या गोठ्यात म्हैस व्यायली होती. मी आधी चिडले. माझ्या दोन वर्षांच्या यातायातीत ते रेडकू कुठून आलं, असं झालं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की आख्ख्या फायलीत मुलाच्या मनातलं तेवढंच एक वाक्य होतं. बाकी सगळं आमचं होतं.

त्यावरून साहेबांनी दर दुसऱ्या शनिवारी-रविवारी आणि निम्म्या सुट्टीत तिकडं जायचं ठरवून दिलं. ताबा माझ्याकडं. पुढं मध्यस्थीत आम्ही दोघं त्याच पायावर तयार झालो.

ठरवताना काय लिहून घ्यायचं

दोघं राजी असाल तर परस्परसंमतीचा घटस्फोट सगळ्यात कमी त्रासाचा. एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्जानंतर सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा उभं राहून ‘होय’ म्हणायचं. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. आमच्या वेळी थांबावं लागलं. दुसऱ्या वेळेपर्यंत दोघांपैकी कुणीही माघार घेऊ शकतं, हे ध्यानात ठेवून सोनं-नाणं, रक्कम ह्यांची देवघेव टप्प्यानं लिहून घ्या.

अटी टाईप करताना मला सगळ्यात जास्त थांबावं लागतं ते सुट्टीपाशी. ‘मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी’ असं सर्रास लिहितात. पण कर्नाटकातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते आणि मेअखेर शाळा उघडायला येते. महाराष्ट्रात सुट्टी मेमध्ये लागते आणि शाळा जूनच्या मध्याला उघडते. इकडं दसऱ्याची मोठी सुट्टी, तिकडं दिवाळीची. एका जोडप्यानं ‘दिवाळी सुट्टी वडिलांकडं’ असं लिहून घेतलं होतं. मूल इकडच्या शाळेत, दिवाळीला सुट्टी चारच दिवस. दोन वर्षं त्यावरून अर्ज-जबाब चालले. ‘मुलाच्या शाळेला जी सुट्टी असेल तिचा पहिला अर्धा भाग’ असं लिहा. गणपती कुणाकडं, एकाआड एक वर्ष की कसं, हे वेगळं लिहा, कारण खरा वाद गणपतीलाच होतो. गावच्या लक्ष्मीच्या यात्रेचंही लिहून ठेवा.

मूल कुठं सोपवायचं, किती वाजता, कोण नेणार, उशीर झाला तर किती वेळ थांबायचं. रोज किंवा आठवड्यातून किती वेळा फोन, कुठल्या वेळी. ज्याच्याकडं मूल नाही त्याचं मुलाशी रोज थोडं तरी बोलणं झालं पाहिजे, व्हिडिओ कॉलवर का होईना, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलंय, तेव्हा ते मागायला कचरू नका. पत्ता किंवा फोन बदलला तर किती दिवसांत कळवायचं. दवाखान्याचा मोठा खर्च कोण किती देणार. पैसे रोख नकोत, बँकेतून. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी वेगळा अर्ज करायचा असेल तर मार्चमध्येच करा, कारण त्या दिवसांत कोर्टालाही सुट्टी लागते.

पोटगीबद्दल थोडक्यात. दोघांनीही आपली मिळकत, कर्ज आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर द्यावा लागतो, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हे २०२० च्या निकालानं ठरलंय. त्यामुळं निकाल लांबला म्हणून अर्ज लांबवू नका. मुलीला स्वतःचं भागवता येत नसेल तर तिचा खर्च तिचं लग्न होईपर्यंत मागता येतो. मात्र एक गोष्ट हात जोडून सांगते. पोटगी थकली म्हणून मुलाची भेट अडवू नका, आणि भेट अडवली म्हणून पोटगी थांबवू नका. दोन्हीसाठी वेगळे अर्ज आहेत. मी पहिल्या वर्षी चवथीच्या सणाला मुलाला दोन दिवस पाठवायला नकार दिला होता, घरच्या मोठ्या माणसांच्या सांगण्यावरून. त्यांच्या वकिलांनी माझ्याविरुद्ध मांडलेला पहिला मुद्दा तोच होता, आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली, मूल मोठं झालं, कुणाची बदली झाली, तर तो बदलून मागता येतो. आज मनासारखं झालं नाही म्हणून मुलाला भेटायचं सोडू नका. मिळाली ती भेट वेळेवर घ्या, नोंद ठेवा, सहा महिन्यांनी जास्त मागा.

आमचं सोपवायचं ठिकाण शिनोळी होतं, बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, सीमा ओलांडली की लगेच. मी इकडच्या बसनं जायची, ते तिकडून लाल एसटीनं यायचे. पिशवीत दोन कपडे, गृहपाठाची वही, खोकल्याचं औषध आणि एक चिठ्ठी, त्यात औषध किती वाजता ते आणि काल काय खाल्लं ते. निरोप मुलाच्या तोंडून द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून ती चिठ्ठी. पहिले काही महिने ती तशीच परत यायची. मग एका रविवारी संध्याकाळी तिच्या पाठीमागं त्यांच्या अक्षरात एक ओळ आली: ‘दुपारी ताक प्यायला, खोकला वाढलाय, उद्या शाळेला नको.’ मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी ठेवलं.